चौथा भाग

बंदरावरच्या वाचनालयानं जुनी पुस्तकं काढली,
अठरा रुपये किलो.
काट्यावर चढले निळ्या गडाचे सातही भाग,
पाठीला कापडी पट्टी, वाळवीची दोन भोकं,
आणि मी म्हटलं, नंदगडकर, थांबा, हे मला हवेत.
हवेत म्हटलं. होये नाही.

किती वेळा वाचलेले. चौथा सोडून.
चौथा कधी नव्हताच फळीवर,
कुणीतरी नेला तो नेलाच,
नोंदवहीत नुसती एक फुली.
तो मग मीच रचला होता, रात्री, अंथरुणात:
खवळ्यांच्या राणीला पडसं झालेलं असतं
आणि राजपुत्र विश्रुत तिला सुंठ उगाळून देतो.
पाचव्या भागात खवळे कुठेच नसत.
मला वाटायचं, घरी गेले असतील.

बाबा तेव्हाच म्हणाले होते,
जाळं विणता विणता एक पान ऐकून,
"कोणी लिवल्यान ह्यां?
आषाढात शीड उभारून खंय जातलो ह्यो?"
मला राग आला. जादूच्या होडीला आषाढ लागत नाही.
आता पाहते तर लेखकाची भरती
विश्रुतला निघायचं असेल तेव्हाच येते,
आणि मंजिरा सात भाग किनाऱ्यावर
कंदील धरून उभी.
जेवलीस का, एकदाही विचारत नाही कुणी.

आणि खवळे.
काळे, चिकट, अंगाला सदा मासळीचा दर्प,
जे 'खंय' म्हणतात, 'नाय' म्हणतात,
विश्रुत 'कोठे' म्हणतो, 'नव्हे' म्हणतो
आणि जिंकतो.
मी आरशासमोर कोठे, कोठे घोकलेलं.
चौथीत होते. लिलाव आटपून आई आली,
टोपली उतरवून तिनं माझ्या गालाला हात लावला
आणि मी म्हटलं,
तुझ्या हातांना खवळ्यांचा वास येतो.
आईनं पुस्तक वाचलं नव्हतं.
तरी तिनं हात राखेनं घासले,
मग लिंबाच्या सालीनं,
मग वाढलं.

चौथा कोण, कधी परत ठेवून गेलं,
नंदगडकरांनाही ठाऊक नाही.
काही पानं कापायचीच राहिलेली.
काल रात्री सुरीनं सोडवत वाचला.
पान एकशे बारा: विश्रुत समुद्राला आग लावतो.
खवळे संपतात. तीन ओळींत.
चौथी ओळ सूर्योदयाची,
आणि सूर्योदय, खरं सांगते, सुंदर आहे.
हेच तर. त्या माणसाला लिहिता येत होतं.
गडाचं दार उघडतं तिथे
अजून माझ्या हातावर काटा येतो,
बर्फाच्या कारखान्याचे हिशेब लिहिणाऱ्या हातावर.

भाची जुईली सुट्टीला आलीय.
तिला तिसरा वाचून दाखवत होते.
'खंय' आलं की आवाज बदलावा की नाही
ठरत नव्हतं. एकदा बदलला, एकदा नाही.
पानांतून काहीतरी निसटून तिच्या मांडीवर पडलं.
खवला. तांबोशाचा. नखाएवढा,
सुकून काचेसारखा झालेला.
माझ्याच बोटावरून तिथे राहिलेला,
तीस वर्षं, विश्रुतच्या तलवारीखाली.

तिनं तो दिव्यासमोर धरला.
"खवळ्याचो?"
हो, म्हटलं.
"म्हणजे तो खरोच हंय येय होतो?"
येय होती, मी म्हटलं. दर शनिवारी.
पुस्तक बदलून न्यायला.

ती हसली नाही. खवला परत पानात ठेवला,
नीट, होता त्याच जागी.
"आणि चौथो?"

चौथा माझ्या उशाखाली आहे.
सुंठेचा सांगावा की आगीचा,
की आधी एक आणि मग, मोठी झाली की—

"वाच गो मावशी," ती म्हणाली,
"थांबलंस कित्याक?"