ळचं घर

कानपूरकडून टाइप आला तेव्हा
शहापूरच्या खडेबाजारात आमचा प्रेस होता
आणि मी, परशराम हंगिरगेकरांची धाकटी,
शाळा सुटली की खिळे जुळवायची.

देखणा टाइप. आधी बोरूनं लिहून
मग शिशात उतरवलेला.
काना वरून भरदार यायचा
आणि तळाशी पाऊल किंचित बाहेर टाकायचा,
निघालेलं माणूस उंबऱ्यावर थबकतं तसं.
वळणं केसाएवढी.
शिरोरेघेच्या टोकाला चिमणीची चोच.

बाबा म्हणाले, हा राबणारा टाइप नव्हे.
पावतीपुस्तकं, वीटभट्टीची बिलं, सोसायटीच्या नोटिसा
जुन्या ठोकळ्यातच लावायच्या.
हा लग्नाला, बारशाला, तेराव्याला.
आणि बारा पॉइंटाखाली नेऊ नका, दम तुटतो त्याचा.
खरंच तुटायचा.
हलक्या कागदावर 'श्री'ची कमान
नुसती असल्यासारखी वाटायची.

खिळे भरत भरत शेवटी एक घर उरलं.
पुडकी झटकली, पेटीतला भुसा चाळला.
ळ नव्हताच.

त्यांच्याकडे लागत नसेल.
तसा गरीब स्वभावाचा,
शब्दाच्या सुरुवातीला कधी उभा राहत नाही.
पण आम्हाला त्याच्यावाचून गावाचं नावसुद्धा छापता येईना.
बेलगाव. अनगोल. सुलगा.
सकाली नऊ वाजून बारा मिनिटांनी
वराच्या गल्यात माल.
बाबा प्रूफ वाचून इतके हसले की चष्मा काढला.
पत्रिकेत मग जुन्या टाइपातला ळ घुसवला,
वऱ्हाडात बूट घालून शिरलेला हवालदार.

मैदान पंधरा दिवसांवर आलं होतं.
जंगी कुस्त्या. शंभर पोस्टरं कबूल केलेली,
नव्या टाइपात, मोठ्यातल्या मोठ्या.
गाव येळ्ळूर.

गुरुसिद्दप्पा बडिगेर रथाची चाकं करायचा,
बैलहोंगलकडचा.
मराठी बोलायचा, वाचायचा नाही.
मी फरशीवर खडूनं ळ काढला, म्हणून दाखवला.
"ह्यो आमच्यातबी हाय की!"
आणि शेजारी त्यानं त्याचा काढला,
डोक्यावर एक बारका वळसा.
तलेकट्टू, म्हणाला. डोस्क्याला बांधायचं.
"तुमची सगळी एका दोरीला धरून चालल्यात.
आमच्यात ज्याचा त्याचा पटका."

पेरूच्या लाकडाचा ठोकळा, तीन संध्याकाळी.
मी सांगायची, इथं जाड, इथं निमूळतं,
बोरूचा काप तिरका असतो म्हणून.
त्याला बोरू ठाऊक होता.
आजा त्यानंच वह्या लिहायचा म्हणे, चोपड्यांच्या.

पण उलटा कोरायचा, हे मी सांगितलंच नाही.
ळ आरशातही ळच दिसतो, मला वाटलं काय फरक पडतो.
छापल्यावर दिसलं. आकार तोच,
फक्त जाडी भलत्या बाजूला,
डावखुऱ्यानं लिहिलेला.
गुरुसिद्दप्पानं कागद उजेडाला धरला.
काही बोलला नाही.
दुसरा ठोकळा मागितला.

दुसरा असा उतरला की बाबांनी
त्याच्यावरून अंगठा फिरवला, दोनदा.

आता येळ्ळूरला ळ लागतात दोन,
एक पाय मोडलेला, एक अख्खा.
दिवस उरला होता एकच.
बाबांनी डावखुऱ्याच्या पायाशी खिळ्याची चीप ठोकली
आणि दोघांना एका ओळीत बसवलं.
लागू दे, म्हणाले.

ट्रेडल चालू झाला.
पहिला कागद मी उचलला, शाई ओली.
येळ्ळूरच्या मधोमध ते दोघं
एकमेकांकडे तोंड करून,
मांड्या वाकवलेले, डोकी भिडायच्या बेतात.

मैदानाला आलेल्या कुणालाही काही वेगळं वाटलं नाही.
कुस्त्या झाल्या, फेटे उडाले, पोस्टरं उन्हानं पिवळी पडली.
पुढच्या आठवड्यात गुरुसिद्दप्पा
चव्हाट्याच्या भिंतीवर पाणी मारत होता,
एक पोस्टर अख्खं सोलून काढायला.
मला बघून लाजला.
आणि वाचता येत नसताना
त्यानं बोट बरोबर तिथंच ठेवलं.