आगरवाड्याचं गाऱ्हाणं

इनास कारकुनानं शिक्क्याचा कागद पसरला
रवळनाथाच्या देवळासमोर, स्वतःच्या टोपीच्या पेटीवर.
कागदाचे पैसे वर्गणी काढून भरलेले.
"सांगा," म्हणाला, "पण हळू.
मला ते पोर्तुगेजीत वाकवावं लागतं."

पुर्सो म्हणाला, मिठाला गिऱ्हाईक नाही,
कर मात्र भरतीसारखा, दिवसातून दोनदा.
देवकू म्हणाली, शिपायानं रास मोजली पावसाआधी,
विरघळली तिचाही कर मागतो.

दर वाक्यामागून सगळे म्हणत गेले
व्हय म्हाराजा.

इनास अडला.
"हे कसं लिहू? लिस्बनच्या सभेत
असं कोणी म्हणत नाही."
"मग तिथं गाऱ्हाणं पुरं कसं होतं?"
देवकूनं विचारलं.
तो टाक पुसत राहिला.

एकोणचाळीस अंगठे.
तिच्या अंगठ्याला मिठानं पाडलेली भेग,
शाई आत शिरलीच नाही;
कागदावर एक पांढरी रेघ.
आगबोटीनं तीही गेली.

आठ महिन्यांनी पोच आली :
क्रमांक, तारीख, 'समितीकडे'.
पुर्सोनं ती देवापुढं ठेवली,
उडू नये म्हणून वर मिठाचा खडा.

पावसाळ्यात खडा पाझरला.
आता क्रमांक तेवढा वाचता येतो.