पिवळं कार्ड

धडगावच्या रुग्णालयात माझं टेबल खिडकीपाशी.
बोटातून थेंब, काचपट्टी, भिंग.
गोल पेशी, गोल पेशी,
मग एक वाकडी, गवत कापायच्या विळ्यासारखी.
पांढरं कार्ड, पिवळं की लाल,
एवढंच सांगायचा मला पगार.

रेमती आणि सायसिंग, दोघंही पिवळे.
पोरगा हुरजी, लाल.
थंडीत हाडं ठणकली की तो रडत नाही,
बापाच्या बंडीचं बटण चावत राहतो.

पुण्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं:
जनुकात एक अक्षर चुकलंय, एवढंच.
कात्री लावून बदलायचं.
हुरजीच्या रक्तातलं बदलेल, खर्च फार.
पुढेमागे गर्भातच बदलता येईल,
मग नातवंडा-पतवंडांना
हे टेबल दिसणारच नाही.

पंखा कुरकुरत होता.

मला चोपड्याचा मळा आठवला.
प्रयोगशाळेतून आलेली तीन हजार केळीची रोपं,
एका मापाची.
आई बांधावरून म्हणाली होती,
"समदं सारखं शे, म्हनीसन एकदम मरस."
खरं सांगायचं तर काही मेलं नाही.
भाव चांगला लागला, त्यात माझी फी भरली.
म्हणून ते वाक्य मी पुरावा म्हणून काढत नाही.
नुसतं जवळ ठेवते.

रेमती उठली.
"हिवतापात आमचा पाडा रिकामा झाला.
उरले त्यांत पिवळेच जास्त, हे तुम्हीच सांगता.
ज्यानं वाचवलं, त्यालाच चूक म्हणायचं?"

डॉक्टर म्हणाले, प्रश्न चांगला आहे.
मला कळलं, उत्तर नाही.

मग सायसिंग, जो सहसा बोलत नाही:
"पोराचं करा. दुखणं त्याचं, तो हो म्हणेल.
जे अजून आलेच नाहीत
त्यांची सही मी कशी करू?
माझीच येत नाही, अंगठा लावतो."

रेमती त्याच्याकडे न बघता म्हणाली,
"आणि हा विळा पोरात उतरला,
तेव्हा सही कुणी घेतली होती?"

त्यावर कोणीच काही बोललं नाही.

बैठक उठली. हुरजी माझ्या स्टुलावर चढला,
भिंगाला डोळा लावला.
"हे माझं?"
"तुझं."
बराच वेळ बघत राहिला.
"मासोळ्या," म्हणाला,
"काही झोपल्यात."

त्याचे हात गार पडले होते.
मी कोमट पाण्याची बाटली भरून
त्याच्या मुठीत दिली.