प्रेस्टन, कोर्टाबाहेरचा बाक

तिसऱ्या दिवशी कळलं, ते मराठी बोलतात.
चहाच्या यंत्राने त्यांचं नाणं गिळलं
आणि ते यंत्रालाच म्हणाले,
"आता तुझं काय करायचं बाबा?"
दापोलीकडचा हेल.
बावीस वर्षांत कानावर पडला नव्हता,
आणि पडला तो त्यांच्या तोंडून.

मी माझे ऐंशी पेन्स टाकले, कप पुढे केला.
त्यांनी घेतला. मग ओळखलं, मी कोण.
कप खाली ठेवला नाही त्यांनी,
पण प्यायलेही नाहीत.

माझ्या शलमोनला इथे सगळे सॉल म्हणतात.
सरकारी वकील पूर्ण नाव घेतात, चुकीचं.
ब्लॅकपूल रोड, तीसच्या हद्दीत एकावन्न,
मांडीवर मोबाइल,
आणि झेब्रा पट्ट्यांवर नाजमीन परकार,
वय एकोणीस, हातात पिशवी.
पिशवीत काय होतं तेही वाचून दाखवलं:
दूध, कोथिंबीर,
केसांना बांधायच्या रबरांचं न फोडलेलं पाकीट.

मी नगरची. मिशनच्या आवारात वाढले.
तिथे शिकले की शिक्षा होऊन गेली आहे,
आपल्या वाटची कुणीतरी भोगली आहे,
आपण फक्त हात पसरायचे.
स्टार्च केलेल्या फ्रॉकात, रविवारी,
किती सोपं वाटायचं ते.

परकारभाईंना मी म्हटलं, माफ करा.
मराठीत हे बसमध्ये धक्का लागला तरी म्हणतात.
दुसरा शब्द शोधला. नव्हता.

ते कपात बघत राहिले.
"बाई, माझ्याकडे अर्धीच आहे माफी.
बाप म्हणून जो हक्क, तो मी सोडू शकतो.
सोडलेला बरा, असंही सांगितलंय आम्हाला.
पण तिचा हिशेब तिचा.
माणसाचं देणं अल्लासुद्धा परस्पर फेडून टाकत नाही.
ते त्या दिवशी ती बघेल."

मला राग आला. खरं सांगते, आला.
परस्पर! त्याच शब्दावर तर
मी पन्नास वर्षं उभी आहे.
माझा देव परस्परच माफ करतो,
खिळ्यांवर लटकलेल्या चोरालाही, शेवटच्या घटकेला.
त्या चोराने ज्यांना लुटलं
त्यांना कुणी विचारलं होतं का?
हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.
तो त्या बाकावर पडून राहिला
दोघांच्या मधे, ओल्या छत्रीसारखा.

"इथे तर मलाही कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.
"दोन पानं लिहून घेतली, दुःख किती झालं त्याची.
सोडायचं का, असा रकानाच नव्हता.
घरी बायको म्हणते, काटा रुतला तरी गुनाह झडतो.
म्हटलं, मग आपल्या झाडाला
आता पान राहिलं नसेल."
हसले. मी हसू की नको, कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऐंशी पेन्स मोजून दिले.
मी घेतले.
घ्यायला नको होते,
किंवा तेवढेच घ्यायला हवे होते.

सहा वर्षं चार महिने.
शलमोनने माझ्याकडे पाहिलं नाही,
काचेआडून त्यांच्याकडे पाहिलं,
मग रक्षकाने दंडाला धरलं.
माझ्या देवाने भोगलं ते भोगलं,
हे मात्र त्यालाच नेताना मी पाहिलं,
निळा शर्ट, मी इस्त्री केलेला.

बाहेर चिरचिर पाऊस, टॅक्सीची वाट.
ते माझ्यापासून दोन हातांवर थांबले.
"झोपतो का तो?"
नाही, म्हटलं. त्या रात्रीपासून नाही.
"बरं," ते म्हणाले,
आणि कॉलर वर करून निघून गेले.

आजही भांडी विसळताना
मी तो शब्द तोंडात घोळवते.
बरं.
कसलं?