छप्पन्न अंश

पहिली पेटी मी बाभळीची केली होती.
तेरणेकाठची बाभूळ, दोन उन्हाळे वाळवलेली,
गाडीच्या साट्याला घालावी अशी.
सत्वशीला कुंभार म्हणली, पांचाळमामा,
आत सहा वाट्या जायच्यात, डेन्मार्कला,
प्रदर्शनात ठेवायला.
मी म्हणलं, वाट्याच नव्हं का,
वर्तमानपत्रात गुंडाळ अन् टाक.
ती काही बोलली नाही.
एक वाटी माझ्या हातात दिली, उन्हाकडं धरा म्हणली.
धरली,
तर रंधा मारून मारून थोटी झालेली माझी बोटं
मला वाटीच्या पलीकडून दिसली.

तिच्या बापाचे रांजण अजून तेरच्या घराघरांत आहेत.
काळ्या रानाची माती, गाढवाची लीद,
आव्याला तुराट्यांचा जाळ.
फुटला तर खापरात कोंबड्यांना पाणी.
ही माती तसली नव्हं. पोत्यातून येते,
पिठागत पांढरी, अन् डूख धरणारी.
काठ एकदा वाकला अन् तुम्ही सरळ केला
तर हातात सरळ,
भट्टीत पुन्हा तिथंच वाकडा.
'तिच्या ध्यानात राहतंय, मामा.'

ओल्या वाटीत ती जोंधळा दाबते.
घरचा, मालदांडी, एकेक दाणा.
पहिल्या भट्टीत दाणा जळतो, भोक राहतं.
भोकात झिलई भरून दुसरी भट्टी,
बाराशे ऐंशी अंश,
रात्री लाईट गेली तर सगळं मुसळ केरात.
निघाली की वाटी अशी,
पाखरांनी वेचलेल्या कणसागत,
अन् जिथं दाणा होता तिथून उजेड येतो.

पेटी पुण्याहून परत आली.
लाकूड कच्चं म्हणले.
भाजल्याशिवाय लाकडाला देश ओलांडता येत नाही:
छप्पन्न अंश, अर्धा तास, गाभ्यापर्यंत,
वर शिक्का.
लाकडात किडे असतात,
त्यांना तिकडं जायची परवानगी नाही.
वैशाखात माझ्या पत्र्याखाली चव्वेचाळीस असतंय.
बारा अंशांनी हुकलो.

मग प्लायवूड.
प्लायवूडला कुणी काही विचारत नाही,
ते आधीच मेलेलं.
मी ते मन न लावता कापलं, पण मापं चुकू दिली नाहीत.

दिवाळीच्या आधी एका रात्री फोन आला, चित्राचा.
पांढऱ्या भिंती, पांढऱ्या वाट्या,
मला आधी काही दिसेचना.
मग एक बाई दिसली, कानापर्यंत कोट,
वाटीवर वाकलेली, पोथीवर वाकावं तशी.
दाणा कसला म्हणून विचारत होती.
सत्वशीला म्हणली, जोंधळा.
बाईनं तीनदा प्रयत्न केला.
तिची जीभ 'ध'वर बसली ती उठलीच नाही.
सगळे हसले. बाईही.

'दिसतंय का, मामा?'
दिसतंय. पेटी कुठंय?

ती जिना उतरली. चित्र अडकत होतं,
एक पायरी, मग एकदम तळघर.
देशोदेशीच्या पेट्या, भिंतीला पाठ लावून,
सगळ्यांवर तोच काचेचा पेला, तोच वर जाणारा बाण.
माझ्या पेटीवर तेवढं पेन्सिलीनं,
माझ्याच तिरक्या अक्षरात,
बावीस बाय चौदा, बूड इकडं.
पुसायचं राहून गेलं होतं माझ्याकडून.
त्यांनीही पुसलं नव्हतं.
'जेवलीस का?' मी विचारलं,
दुसरं काही सुचलं नाही.

बाभळीची पेटी तिच्या आईनं नेली.
त्यात जोंधळा भरलाय,
पुढच्या वाट्यांचा अन् भाकरीचा, एकातच.
परवा सांधे बघायला गेलो,
झाकण काढून कोपरापर्यंत हात घातला.
किडा नव्हता.

म्हणजे, एक होता.
कुणाला सांगितलं नाही.