उभ्या रेघेवर

इमेरेतीतल्या कुंभारांच्या गावात मी रसायन शिकवतो.
फळ्यावर उभी रेघ ओढतो, डावीकडे लिहितो:
परत फिरतं ते.
उजवीकडे: फिरत नाही ते.
पुस्तकातल्या जड शब्दांना इथे
कुणी दारात उभं करत नाही.

पोरांना उदाहरणं द्यावी लागत नाहीत,
थांबवावी लागतात.

मेण, म्हणतो मालखाझ.
भाजलेला रांजण कोमट असतानाच
काका आतून मेण चोळतो.
पातळ होतं, भोकाभोकांत शिरतं, थिजतं,
तरी मेणच. वास घेऊन बघा.
डावीकडे.

द्राक्षं तुडवली तर?
डावीकडे. चिरडलं तरी द्राक्षच.
आणि रांजणात झाकून वसंतापर्यंत ठेवली तर?
वर्ग हसतो.
उत्तर प्रत्येकाच्या घरी गळ्यापर्यंत पुरलेलं आहे.

दारिको गप्प.
तिच्या आजोबांचा, अल्मासखानचा, एक रांजण
मागच्या पावसात कच्चाच ढासळला.
दोन महिने वीत-वीत चढवलेला.
म्हाताऱ्याने एकच शिवी हासडली,
ढेकळं खड्ड्यात लोटली, पाणी सोडलं,
पँट गुडघ्यावर घेतली आणि तुडवत राहिला.
दुसऱ्या दिवशी माती पुन्हा माती.

पण भट्टीत तडकलेल्यांची खापरं
वर्षभर भिजवा, नुसती ओली होतात.
कोंबड्यांच्या वाटेवर पसरलीत, करकरतात.
दारिकोनेच एक चाटून दाखवलं होतं मला:
जिभेला चिकटतं, सर. विरघळत नाही.

गृहपाठाची वही आली.
डावीकडे बर्फ, मिठाचं पाणी, फुटलेली काच.
उजवीकडे गंज, पाव, वाइन, भट्टी.
आणि थेट रेघेवर, दोन्हीकडे सांडलेलं:
आई.

आई नऊ वर्षं इटलीत, बारीला,
परक्या म्हातारीचं अंग पुसत होती.
गेल्या महिन्यात आली.
पावाचे तुकडे तिकडच्या आकड्यांत मोजते.
कॉफी उभ्यानेच संपवते.
रात्री दोनला उठून एका खोलीत डोकावते,
तिथे मक्याची पोती आहेत.
आणि दारिकोला हाक मारते
ती पहिलीतल्या मुलीला मारावी तशी.

लाल पेन उघडून मी बसून राहिलो.
नवा पदार्थ तयार झाला का?
रंग बदलला? उष्णता बाहेर पडली?
परत आली, म्हणून डावीकडे ढकलावं,
तर परत येणं म्हणजे
परत फिरणं नव्हे,
हे मीच शिकवलेलं.

गुण दिले नाहीत. खाली लिहिलं:
पाणी घालून पाहिलंस?

चार दिवसांनी वही फिरून टेबलावर.
माझ्या प्रश्नाखाली पेन्सिलीने, घाईघाईत:
काल रडली. पहिल्यांदाच.
आजोबा म्हणतात, फार वाळलेली असेल
तर लगेच हात घालू नये,
रात्रभर भिजू द्यावी.