वेलांटी

एसटी खाडीपुलाशी सोडते.
पुढे दीड तास पायवाट,
करवंदीची जाळी, कातळ, पुन्हा कातळ,
पाठीवरच्या पिशवीत अठरा पाट्या
आणि एक घंटा, जिला लोलक नाही.
मी पळीनं ताटली वाजवते.
तेवढ्यावर शाळा भरते.

गोठणवाडीत एकवीस झोपड्या.
समाजमंदिराच्या ओटीवरून समुद्र दिसतो,
बोटभर, पत्र्यासारखा चकाकत.
मुलं तिकडे बघत नाहीत.
मी बघते. तिथं आमचा कोळीवाडा आहे.

पुस्तकात च चरख्याचा होता.
चरखा कुणी पाहिला नव्हता.
मीसुद्धा, खरं सांगायचं तर, फक्त चित्रात.
नवशी हिलम म्हणाली, बाय, चिंबोरी लिव.
नऊ वर्षांची पोर.
तिचा हात बिळात खांद्यापर्यंत जातो
आणि रिकामा येत नाही.

मी लिहिलं: चिंबोरी.
ती फळ्याला नाक लावून उभी राहिली.
ह्यो गळ हाय, म्हणाली, दोन गळ.
पहिली वेलांटी, मागची: नुसता टाकलेला.
दुसरी, पुढची: कायतरी लागलं.
व्याकरणात असं काही नाही.
मी खोडलं नाही.

नवशीची आई बारकी.
तिला मी फार आधीपासून ओळखते.
टोपली घेऊन आमच्या दारात यायची,
चिंबोऱ्यांचे नांगे वेलीनं बांधलेले.
माझी आई मोठ्यानं मोजून घ्यायची:
दहा, अकरा, बारा, बारा, तेरा.
बारा दोनदा यायचे. कधी सोळाही.
बारकी मान हलवायची.
मी पायरीवर बसून
बाराचा पाढा पाठ करत होते.
मला मोजता येत होतं.
मी काही बोलले नाही.

दिवाळी झाली आणि मुकादमाचा टेंपो
पायथ्याच्या वडाखाली येऊन लागला.
मांडीवर वही, वहीत उचल,
उचलीपुढे नावं, नावांपुढे निळे अंगठे.
नवशी त्याच्या कोपराखालून डोकावली,
बोट टेकवत वाचू लागली:
बा. री. क.
ही माझी आय नाय. बारीक कोन?

बाया हसल्या. मुकादमही हसला.
बारकी हसली नाही.
पोरीनं त्याच्या खिशातलं पेन ओढलं,
मधला गळ गिरगटून काढला
आणि शेवटच्या अक्षराला लावला.
मग आईला म्हणाली, आता तू हाईस.

आकडा होता तसाच राहिला.
टेंपो ठरल्या वेळेला निघाला,
भांडी, कोंबड्या, एक खोकणारा म्हातारा,
मागच्या फळीला टेकून नवशी,
पाटी पोटाशी, अंगावर माझा जुना स्वेटर.
तिनं हात हलवला नाही.
तिला रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या होत्या.

आता ओटीवर सहा जणं.
सहांसाठीही ताटली तेवढीच वाजवावी लागते.
हजेरीपटात उरलेल्यांपुढे लिहायचं असतं:
स्थलांतरित.
लिहिताना हात थांबतो.
एकच वेलांटी आहे त्या शब्दात.
मागची.

शनिवारी घरी गेले.
आई अंगणात सुक्या बोंबलांच्या जुड्या बांधत होती,
पंचवीसची एक.
मी विचारलं, बारकीच्या चिंबोऱ्या आठवतात?
बारा दोनदा मोजायचीस.
तिनं सुंभाला गाठ मारली.
सगळीच मोजायची तशी, म्हणाली,
आणि उन्हाकडे पाठ केली.

मी चहा टाकायला आत गेले.
खिडकीतून पाहिलं:
तिनं गाठ सोडली होती
आणि जुडी पुन्हा मोजत होती,
एकेक बोंबील बाजूला ठेवत,
ओठ हलत होते,
आवाज नव्हता.